पार्टिशन उडालं, कॉम्प्युटर बूट होईना: दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी स्क्रीनवरच्या एररचा मोबाइलवर फोटो काढा, मग मशीन बंद करा आणि तयारी होईपर्यंत बंदच राहू द्या. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या मागे लागतं आणि आपल्याला नको असताना डिस्कवर काहीबाही लिहितं. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग. तो डिलीट झाला म्हणजे त्यातल्या फायली गेल्या, असं नसतं. गेलेली असते ती फक्त नोंद, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ही माहिती. ही नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी फक्त ६४ बाइटांत चारही पार्टिशनांची नोंद मावते. नव्या जीपीटी पद्धतीत ती डिस्कच्या सुरुवातीला असते आणि तिची एक प्रत अगदी शेवटी असते. म्हणून हात आवरला तर बहुतेक वेळा सगळं परत मिळतं. नुकसान होतं ते घाबरून नंतर केलेल्या खटपटीत.

आता वही घ्या आणि आठवेल ते लिहून काढा. नेमकं काय केलं: डिलीट, फॉरमॅट की साइज बदलली? हा फरक फार महत्त्वाचा आहे. एसएसडीवर विंडोजमधून फॉरमॅट केलं की त्या जागेचे ब्लॉक मोकळे समजावेत असा निरोप, म्हणजे ट्रिम, लगेच डिस्ककडे जातो आणि मग आशा जवळपास संपते. नुसतं डिलीट केलं असेल तर आशा बरीच असते. आधी किती पार्टिशनं होती, कोणत्या क्रमाने, साधारण किती जीबीची, हेही लिहा. काम कोणत्या सूचनांवरून केलं तेही नोंदवा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट अनेकांकडे बसेना, तेव्हा रिकव्हरी पार्टिशन (विंडोजची दुरुस्तीची साधनं असलेला भाग) २५० एमबीने वाढवायच्या सूचना खुद्द मायक्रोसॉफ्टने दिल्या होत्या. ते काम डिस्कपार्टमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहून पार्टिशनं हाताळायच्या टूलमधून करायचं, आणि तिथे डिस्कचे आकडे ० पासून तर पार्टिशनचे १ पासून सुरू होतात. त्यामुळे भलतंच पार्टिशन निवडलं जाणं सोपं आहे.

फोटोतला एरर नीट वाचा, कधी कधी दुरुस्तीची गरजच नसते. विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन काढून टाकलं आणि आता काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) दिसतंय, तर यूईएफआयच्या, म्हणजे जुन्या बायोसऐवजी नवी बूट पद्धत असलेल्या मशीनवर बूट मेन्यू उघडून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. विंडोज बहुधा जसंच्या तसं सुरू होईल. बूट मेन्यूची की कंपनीगणिक बदलते: डेल आणि लेनोव्होवर साधारण एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर मात्र ईएफआयचं छोटं पार्टिशन, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फायली जिथे असतात ते, गेलं असण्याची शक्यता धरा. ते अनेकदा जेमतेम १०० एमबीचं असतं, म्हणून लोक फालतू समजून उडवतात.

मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या सोयीची की शोधा. मी तरी या कामात हिच्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू देत नाही. विंडोज ११ च्या कितीतरी लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ती पाहा आणि वहीत उतरवून घ्या. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना फोन करा. की त्यांच्याकडे असते आणि पुढचं कामही त्यांनीच केलेलं बरं.

दुसरा चालू कॉम्प्युटर लागेलच, शेजाऱ्याचा असला तरी चालेल. त्यावर दोन पेनड्राइव्ह बनवा. एक विंडोज इन्स्टॉलेशनचा, किमान ८ जीबीचा. दुसरा सिस्टमरेस्क्यूचा, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या दुरुस्तीच्या लिनक्सचा, कारण टेस्टडिस्क (गेलेली पार्टिशनं शोधणारं), डीडीरेस्क्यू (डिस्कची पूर्ण कॉपी काढणारं) आणि जीडिस्क (जीपीटीची नोंद हाताळणारं) ही तिन्ही टूल्स त्यात तयार मिळतात. पेनड्राइव्ह रिकामे आहेत ना ते पाहा, बनवताना त्यातलं सगळं जातं. मूळ विंडोज ज्या पद्धतीने (यूईएफआय की जुनं बायोस) बूट होत होतं त्याच पद्धतीने पेनड्राइव्हही बूट करायचा; मेन्यूत तो दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला कुठला ते बघून निवडा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजच्या पेनड्राइव्हला डिस्कच दिसत नाही. अशा वेळी डिस्क मेली असं समजू नका. कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर उतरवून त्याच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.

आता खर्चाची गोष्ट. बिघडलेल्या डिस्कपेक्षा मोठी एक्स्टर्नल डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यूने पूर्ण कॉपी काढा. यूएसबीवर सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. तेव्हा चार्जर लावून ठेवा, आणि डेस्कटॉप असेल नि तुमच्याकडे लाइट जात असेल तर त्याला नुसता यूपीएस पुरणार नाही, इन्व्हर्टर बघा. कॉपी सुरू करण्याआधी कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे साइज आणि मॉडेल वाचून खात्री करून घ्या. इथे उलटसुलट झालं की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग हातात काही राहत नाही. नवी डिस्क आणणं शक्य नसेल तर निदान सध्याच्या पार्टिशन टेबलची (पार्टिशनांच्या नोंदीची) प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, ती डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्या.

घरच्यांनाही सांगून ठेवा. बिघडलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ किंवा ‘इनिशियलाइज डिस्क’ असं विचारतं. दोन्हीला उत्तर कॅन्सल. चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांडही नको. दुकानात देणार असाल तर ‘डेटा पाहिजे, फॉरमॅट मारायचं नाही’ असं पावतीवर लिहून घ्या. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ हे उत्तर फार सहज मिळतं.

टेस्टडिस्कचा एक सराव आधी जुन्या पेनड्राइव्हवर करून बघा: त्यावरचं पार्टिशन मुद्दाम उडवा आणि शोधून परत आणा. सापडलेली पार्टिशनं यादीत दिसली की एकेकावर जाऊन ‘पी’ दाबायचं, म्हणजे आतल्या फायलींची यादी उघडते. फोल्डरांची नावं ओळखीची दिसली, साइज वहीतल्या आकड्यांशी जुळली, तरच ‘राइट’, म्हणजे ती नोंद डिस्कवर लिहायची. ५१२ जीबीची डिस्क तिथे ४७६ जीआयबी दिसेल, ती मोजायची पद्धत वेगळी आहे, काही हरवलेलं नाही. ईएफआयचं पार्टिशन नव्याने बनवायची वेळ आली तर लागणारी बीसीडीबूटची (विंडोजच्या बूटच्या फायली पुन्हा तयार करणारी) कमांड अक्षर न् अक्षर, मोकळ्या जागांसकट, वहीत लिहून ठेवा. रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) विंडोजचा ड्राइव्ह ‘सी’च असेल याची खात्री नसते, म्हणून कमांड देण्याआधी डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ करून त्याचं तिथलं अक्षर बघून घ्या.