उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो ब्लर येतायत? आधी या चुका टाळा

हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, बोटीतून उतरलं की कोणी ना कोणी कॅमेऱ्याची स्क्रीन पुढे करतं आणि विचारतं, लेन्स बदलू का? फोटोत ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, असतो पण डोळा शार्प नाही, पंखांची टोकं पुसलेली. मनापासून सांगते, बहुतेक वेळा लेन्सचा काही दोष नसतो, आपण चुकीच्या बाजूला उभे असतो आणि कॅमेरा डोळ्याला लावायला उशीर करतो.

पहिलं म्हणजे वारा बघा. हे कोणी सांगतच नाही. शिकारी पक्षी उडताना, उतरताना, हवेत एका जागी थांबतानासुद्धा तोंड वाऱ्याकडे करतात, म्हणजे वारा समोरून येत असेल तर तुम्हाला दिवसभर शेपट्याच मिळणार. सकाळचं ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर घ्या, मग ऑस्प्रे पाण्यावर थबकतो तेव्हा तुमच्याकडे तोंड करून थबकतो. आणि त्याने मासा उचलला की कॅमेरा खाली घेऊ नका! तो उडता उडताच अंग झाडतो, पाण्याचे थेंब सगळीकडे उडतात, मग मासा पायात फिरवून त्याचं डोकं पुढे करतो. खरा फोटो तिथे असतो आणि नेमकं तेव्हाच सगळे स्क्रीनवर मागचे फोटो बघत बसलेले असतात.

शटर स्पीड. बगळ्याला १/१००० सेकंद चालून जातो, इथे नाही. १/२५०० ठेवा, कापशी घार हवेत एका जागी फडफडत असली तरी तेवढाच, ती जागेवर दिसते पण पंख थांबलेले नसतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढेल म्हणून घाबरून शटर खाली आणू नका, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

घार काळी ठिक्कर येतेय? मागे उजळ आकाश आहे, कॅमेरा फसतो, एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवा. पण इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर भोवत्यांच्या (हॅरियर, गवतावरून खालून उडणारे शिकारी पक्षी) मागे असाल तर हाच उपाय अंगाशी येतो, कारण पांढुरक्या भोवत्याचा नर जवळजवळ पांढराच, तो आकाशातून खाली गवतापाशी आला की मागचं सगळं गडद होतं, कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि पंखांचा सगळा डिटेल जळून जातो. म्हणून ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअलवर जा, आयएसओसकट सगळं फिक्स करा, मागे काहीही असो, पक्ष्यावरचं ऊन तेवढंच असतं.

फोकस गवतावर उडी मारत असेल तर मोठा फोकस एरिया सोडून छोटा झोन घ्या, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यामागे सतत फोकस बदलत राहणारा मोड) चालू आहे ना ते बघा, आणि पक्षी लांब असतानाच पकडून ट्रॅक करत या. डोक्यावर आल्यावर शोधायला लागलात तर लेन्स नुसती पुढेमागे करत राहते. आधीच साधारण तेवढ्या अंतरावरच्या बाभळीवर फोकस करून ठेवला तर निम्मं काम होतं.

सगळं बरोबर करूनही दहानंतरचे लांबचे फोटो मऊ येतात ना, ती तापलेली हवा. जमीन तापली की माळावर हवा लहरायला लागते, पाच लाखांची लेन्स लावली तरी तेच. सकाळी लवकर, जवळच्या दगडावर एक फोटो काढून बघा, तो शार्प आला तर लेन्स ठीक आहे.

आणि एक गोष्ट मला फार लागते. फ्लाइट शॉटसाठी बसलेल्या पक्ष्याला खडा मारून उडवणं, घरट्याजवळ जाऊन उभं राहणं, गाडी गवतात घालणं. भोवत्ये झाडावर नाही, गवतात जमिनीवर मुक्काम करतात, संध्याकाळी तिथे टायर फिरले तर त्यांनी रात्री जायचं कुठे? गाडी रस्त्यावरच ठेवा, इंजिन बंद करा, खिडकीत बीन बॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) टाकून गप्प बसा. सूर्य टेकायला लागला की ते आपणहून गवतावरून खाली तरंगत येतात, एकामागून एक.