घरच्या टेबलासाठी पूल बॉलचा संच कसा पारखावा

टेबलावर काठीने खेळायच्या पूल या खेळाच्या बॉलबद्दल सर्रास मिळणारा सल्ला असा असतो: हातात धरून वजन बघा, दोन बॉल एकमेकांवर आपटून आवाज ऐका, चकाकी बघा. यातल्या एकाही गोष्टीवरून संचाची परीक्षा होत नाही. चकाकी पॉलिशने आणता येते. जड बॉल चांगलाच असतो असं नाही. आणि आवाजातला फरक कळायला चांगला आणि वाईट असे दोन्ही बॉल शेजारी असावे लागतात. संचाचा कस लागतो तो सोळाही बॉल आकाराने आणि वजनाने एकमेकांसारखे आहेत की नाहीत यात. ते डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं.

१. आधी कुशनची उंची मोजा

अमेरिकन पद्धतीच्या पूलचा बॉल ५७.१५ मिमी, म्हणजे सव्वादोन इंचांचा. ब्रिटिश पद्धतीच्या लाल-पिवळ्या पूलचा साधारण ५१ मिमी, आणि त्यातला क्यू बॉल, म्हणजे काठीने (क्यूने) मारायचा पांढरा बॉल, बऱ्याचदा ४८ मिमीचाच. स्नूकरचा ५२.५ मिमी. टेबल कोणत्या खेळाचं आहे हे नक्की माहीत असेल तर इथेच पुढे जा.

माहीत नसेल, टेबल जुनं घेतलेलं असेल, तर पॉकेटच्या तोंडावरून अंदाज बांधत बसू नका. पट्टी घ्या आणि कुशनची, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी गादीची, पुढे आलेली धार कापडापासून किती उंचीवर आहे ते मोजा. स्पर्धेच्या नियमांत ही उंची बॉलच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के ठरलेली आहे. ५७.१५ मिमीच्या बॉलसाठी ती ३६ मिमीच्या आसपास येते, ५१ मिमीच्या बॉलसाठी साडेबत्तीसच्या आत. खेळण्यातलं छोटं टेबल असेल तरी हिशेब तोच: धारेच्या उंचीला ०.६३५ ने भागा, जो आकडा येईल तेवढ्या व्यासाचा बॉल घ्या.

‘मुलं खेळणार आहेत, छोटे बॉल घ्या’ हा सल्ला इथेच मोडीत निघतो. ३६ मिमीच्या धारेवर ५१ मिमीचा बॉल आदळला की कुशन त्याला मागे ढकलण्याऐवजी खाली दाबते. उसळी मरते आणि कुशनलगतचं कापड झिजतं. उलट केलं, म्हणजे बुटक्या कुशनवर मोठा बॉल, तर जोराचा फटका सरळ टेबलाबाहेर जातो.

२. फेनॉलिकच घ्या

बाजारात मुख्यतः दोन जाती: फेनॉलिक रेझिन आणि पॉलिएस्टर. फटका बसल्यावर बॉल लगेच गडगडत नाही, आधी थोडं अंतर कापडावर घसरतो, आणि त्या घर्षणात तेवढ्या जागी चांगलाच तापतो. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग या उष्णतेने आणि टकरींनी लवकर खरबरीत होतो. खरबरीत बॉल कापड खातो, कापड खराब झालं की बॉल आणखी घासला जातो. ब्रेकच्या, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, जागी कापडावर पांढरट ठिपके दिसतात ते याच उष्णतेचे. फेनॉलिकनेही ते पडतात, पण कमी.

खोक्यावर नुसतं ‘रेझिन’ लिहिलं असेल तर पॉलिएस्टर समजून चाला, कारण पॉलिएस्टर हेही रेझिनच. ‘प्रोफेशनल’, ‘टूर्नामेंट ग्रेड’ हे शब्द कुणीही छापू शकतो. फेनॉलिकमधलं सर्वांत ओळखीचं नाव बेल्जियमच्या सालुक कंपनीचं अरामिथ. त्यांचा सगळ्यात वरचा संच घरी लागत नाही, साधा फेनॉलिक संच पुरतो.

वजनावरून जात ओळखण्याचा प्रयत्न करू नका. पॉलिएस्टरमध्ये भर घालून त्याला हवं तेवढं जड करता येतं. मात्र सव्वादोन इंचांचा बॉल १५० ग्रॅमच्याही खाली भरत असेल तर तो संच परत करा.

बॉलवरच्या रंगीत पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवा. चांगल्या बॉलमध्ये रंग आत ओतलेला असतो, नख कुठे अडत नाही. अडलं तर पट्टा वरून छापलेला आहे आणि तो झिजणार.

रंगांची निवड तुमची. खोलीत पिवळसर, मंद दिवा असेल तर एवढं लक्षात ठेवा: नेहमीच्या संचातला जांभळा ४ आणि काळा ८ एकमेकांसारखे दिसतात, तसेच लाल ३ आणि तपकिरी-लाल ७. टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी निघालेल्या संचांत ४ गुलाबी आणि ७ फिकट तपकिरी असतो.

३. संच घरी आला की मोजा

बहुतेक लोक चुकतात ते इथे. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करायचं, आणि खेळायला सुरुवात करण्यापूर्वी. एकदा खेळून क्यूच्या टोकाला घासायचा खडू बॉलला लागला की दुकानदार ऐकत नाही.

बॉल खोलीत रात्रभर ठेवा म्हणजे सगळे एकाच तापमानाला येतील. मग आधी वजन करा, ते पटकन होतं. ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान २०० ग्रॅमपर्यंत जाणारा छोटा वजनकाटा हवा. बॉल गडगडू नये म्हणून बाटलीचं झाकण पालथं ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि सोळाही वजनं कागदावर लिहा.

आता हे आकडे वाचायचे कसे? जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार बॉल १५६ ते १७० ग्रॅम चालतो. म्हणजे एकाच संचात १४ ग्रॅमचा फरक असला तरी प्रत्येक बॉल नियमात बसतो. विक्रेता ‘नियमानुसार’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण ते तुमच्या कामाचं नाही. स्नूकरचा नियम उसना घ्या: संचातला सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांत ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. चांगल्या फेनॉलिक संचात तो दोनच्या आत असतो. तीनच्या पुढे गेला तर संच परत, त्यावर चर्चा नको.

मग व्यास. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर धातूचाच घ्या, प्लॅस्टिकचे जबडे दाबाने वाकतात. बॉल जबड्यांच्या टोकांत पकडू नका, सपाट मधल्या भागात धरा आणि हळूच सरकवत सर्वांत मोठा आकडा टिपा. प्रत्येक बॉल तीन दिशांनी मोजा: नंबरावरून आरपार, आणि तिथून काटकोनात आणखी दोनदा. एकाच बॉलच्या तीन आकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर बॉल गोल नाही. घरगुती कॅलिपर दोन-तीन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे दाखवतोच, तेव्हा ०.०२ वरून विक्रेत्याशी भांडू नका.

इथेही नियम सैल आहेत. ५७.१५ च्या वर-खाली ०.१२७ मिमी चालतं, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान बॉलमध्ये पाव मिलिमीटर. ऐकायला नगण्य वाटतं, पण त्रिकोणात पंधरा बॉल लावताना तेवढ्याने फटी पडतात आणि ब्रेक मेलेला निघतो. घरच्या संचात सगळ्या बॉलमधला फरक ०.१ मिमीच्या आत असायला हवा. दोन्ही मापं एकमेकांशी ताडून बघा: व्यास ०.१ मिमीने कमी झाला तर वजन साधारण ०.९ ग्रॅमने घटतं. एखादा बॉल तीन ग्रॅमने हलका आहे आणि व्यास मात्र इतरांइतकाच, तर त्याच्या आत पोकळी किंवा मिश्रणात गडबड असण्याची शंका घ्या आणि त्याला गडगडण्याच्या परीक्षेसाठी बाजूला काढा.

कॅलिपर नसेल तर त्रिकोणच वापरा. पंधराही बॉल घट्ट लावा, त्रिकोण उचला आणि टॉर्च टेबलालगत धरून फटी शोधा. फट दिसली की लगेच बॉलला दोष देऊ नका. त्या जागचे दोन बॉल दुसरीकडच्या दोघांशी बदला आणि पुन्हा लावा. फट बॉलबरोबर सरकली तर दोष बॉलचा. फट तिथेच राहिली तर कापडात खळगा पडलाय किंवा त्रिकोण वाकडा आहे, आणि नवा संच आणून काही होणार नाही. वापरलेल्या टेबलावर बहुतेक वेळा हाच खळगा निघतो.

सर्वांत अवघड परीक्षा समतोलाची, म्हणजे बॉलचा जडपणा बरोबर मध्यावर आहे की एका बाजूला. यावर मिठाच्या पाण्यात बॉल तरंगवून बघायचा सल्ला मिळतो. तो गोल्फच्या चेंडूंसाठी आहे. पूल बॉलची घनता पाण्याच्या दीडपटीहून जास्त आणि मिठाने तुडुंब भरलेल्या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या फक्त १.२ पट, त्यामुळे बॉल सरळ तळाला जातो. आपल्याला त्याला गडगडवूनच पाहावं लागतं, आणि अडचण अशी की वाकडा गेलेला बॉल हा टेबलाचा दोष आहे की बॉलचा, हे एका फेकीत कळत नाही.

म्हणून हे असं करा. अॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी, साधारण ३० ते ४० सेंटिमीटर, तिचं एक टोक दोन-तीन सेंटिमीटर उचलून टेबलाच्या एका टोकाला बसवा आणि हलू नये म्हणून टेप लावा. कापड आधी ब्रशने झाडा, खडूचा एक कण पुरेसा असतो मंद बॉलला वळवायला. बॉल हाताने ढकलायचा नाही, पट्टीवरच्या ठरलेल्या खुणेपाशी ठेवून नुसता सोडायचा. उंची अशी जुळवा की बॉल टेबलाच्या पलीकडच्या कुशनपर्यंत न पोचता अलीकडे थांबेल. असमतोल दिसतो तो शेवटच्या हातभर अंतरात, वेगात असलेला बॉल तो झाकून नेतो.

आता बॉलच्या एका बाजूला क्यूच्या खडूचा छोटा ठिपका द्या. ठिपका डावीकडे ठेवून, म्हणजे बॉल ज्या आसाभोवती फिरणार त्याच्या डाव्या टोकाला, तीनदा सोडा. बॉल नीट फिरत असेल तर ठिपका कापडाला लागत नाही. थांबण्याच्या जागा लक्षात ठेवा. मग तोच ठिपका उजवीकडे ठेवून तीनदा. दोन्ही वेळा बॉल त्याच बाजूला आणि तेवढाच कलला तर टेबल उतरतं आहे, पाय समतल करा. ठिपका डावीकडे असताना एकीकडे आणि उजवीकडे असताना दुसरीकडे गेला तर बॉल एका बाजूला जड आहे. ठिपका पुसून, पहिल्या दिशेच्या काटकोनात असलेल्या आणखी दोन दिशांनी हेच करा, कारण जड बाजू नेमकी पुढे-मागे फिरत असेल तर बॉल वळत नाही आणि दोष लपून राहतो. दिशा बदलताना टेबलाचं टोक बदलू नका. लव असलेल्या लोकरी कापडावर मंद बॉल लवेनुसार वळतो, आणि टोक बदललं की सगळी तुलना फुकट जाते.

दोन मीटरच्या धावेत एकूण सेंटिमीटरभर फरक आला तर सोडून द्या. तीन सेंटिमीटर म्हणजे बॉल बाद. सोळाही बॉल असे तपासायची गरज नाही: क्यू बॉल, आणि वजनात किंवा व्यासात ज्यांच्यावर शंका आली ते.

४. क्यू बॉल

तो इतर पंधरांच्या सरासरी वजनापासून दोन ग्रॅमच्या आत हवा. नाणं टाकून खेळायच्या टेबलांसाठी बनवलेले मोठे किंवा चुंबकाचे क्यू बॉल घरी आणू नका. क्यू बॉल जड असला की समोरासमोरच्या फटक्यानंतर जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, पुढे रेटत राहतो, आणि मागे ओढायचा फटका बसतच नाही. हलका असला की नको तेवढा मागे येतो. नवशिक्याला वाटतं आपला हात चुकतोय. सहा लाल ठिपक्यांचा क्यू बॉल मिळतो, फिरकी दिसावी म्हणून. सराव करायचा असेल तर तोच घ्या, पण वजन त्याचंही करा.

५. निगा

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ कापड. लगेच कोरडे करा. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घालू नका, अॅसिटोन नको, गाडीचं पॉलिश नको, मेण तर नकोच: ते कापडावर उतरतं आणि बॉल एकमेकांना भिडतात तेव्हाचं घर्षण बदलतं. उन्हात खिडकीपाशी ठेवू नका. पांढरा रंग कालांतराने पिवळसर होणं हा फेनॉलिकचा स्वभाव आहे.

प्रत्येक फटक्यात क्यू बॉल असतोच, म्हणून तो सर्वांत आधी झिजतो. वर्षातून एकदा वजन करा. बाकीच्यांपेक्षा तीन ग्रॅमने कमी भरला की एकटा तोच बदला, आणि नवा घेताना खोक्यावरचा आकडा बघू नका. तुमचे पंधरा बॉल आज जेवढे भरतात त्याच्याशी जुळणारा घ्या, कारण थोडे ते पण झिजलेले असतात.