जुन्या कॅबिनेटमध्ये जुना मदरबोर्ड बसवताना

आधी एकच गोष्ट सांगतो, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ. जुना बोर्ड आणि जुनं कॅबिनेट एकमेकांना जमत नसतील तर बोर्ड बदला, कॅबिनेट कापू नका. ४८६ किंवा पेंटियम या जुन्या प्रोसेसरचा बोर्ड शोधला की अजून मिळतो, पण टर्बोचं (वेग कमी-जास्त करायचं) बटण, चावीचं कुलूप आणि पुढे मेगाहर्ट्झचे आकडे दाखवणारं बेज रंगाचं कॅबिनेट भंगारात आलं की पत्र्याच्या भावाने किलोवर जातं, मग ते ठाण्यात असो नाहीतर तुर्भ्यात. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं असं आहे की उद्या वाटलं तर परत मूळ स्थितीत आणता येईल.

पहिलं काम माप घ्यायचं. बोर्डाच्या मापाचे तीन प्रकार इथे येतात, एटी, बेबी एटी आणि एटीएक्स. १९८४ च्या आयबीएम एटी या कॉम्प्युटरचा मूळ बोर्ड साधारण १२ इंच बाय १३.८ इंच, म्हणजे चांगलाच मोठा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात असेंबल केलेल्या बहुतेक मशीनमध्ये बेबी एटी असायचा, रुंदी साडेआठ-नऊ इंच आणि लांबी जास्तीत जास्त १३ इंच, पण कितीतरी बोर्ड त्याहून आखूड येतात. एटीएक्स आला १९९५ मध्ये, १२ बाय ९.६ इंच. मागच्या स्लॉटमधलं अंतर मात्र तिघांमध्येही ०.८ इंचच आहे आणि काही भोकंही जुळतात, त्यामुळे बेबी एटी बोर्ड एटीएक्स कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा आरामात बसतो. उलटं मात्र करायला जाऊ नका. एटीएक्स बोर्डाच्या मागच्या पोर्टसाठी साधारण १५९ बाय ४४.५ मिलिमीटरची खिडकी लागते आणि एटी कॅबिनेटच्या मागे त्या जागी कीबोर्डच्या गोल डिन पिनपुरतंच भोक असतं, म्हणजे पत्रा कापणं आलंच. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारा कोणीही हे पाच मिनिटांत कापून देईल, पण एकदा कापलं की कापलं. आणि बोर्डावर एकच लांब स्लॉट असेल, ज्यात उभं रायझर कार्ड लावून त्यात बाकीची कार्डं आडवी बसतात, तर तो एलपीएक्स आहे, तो त्याच्याच कॅबिनेटमध्ये शोभतो, त्याच्या नादी लागू नका.

आता स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे पाय. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या कारण बोर्ड मरतो तो बहुतेक वेळा इथेच.

एटी कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ एक किंवा दोनच असतात, बाकी सगळे पांढरे प्लास्टिकचे. ते आधी बोर्डाच्या भोकात खालून दाबून बसवायचे, मग बोर्ड ट्रेवर ठेवून त्यांचे पाय पत्र्यातल्या किल्लीच्या भोकासारख्या खाचांमध्ये सोडायचे आणि बोर्ड बाजूला सरकवायचा, सरकला की पितळी स्टँडऑफचं भोक बरोबर समोर येतं, तिथे स्क्रू लावला की बोर्ड लॉक. जुनं प्लास्टिक कडक होऊन तुटतं, म्हणून काढताना वरचं टोक बारीक पकडीने दोन्ही बाजूंनी दाबून हलकेच खाली ढकला, ओढू नका. बोर्डाला भोक आहे पण खाली ट्रेला खाच नाही असं झालं तर त्या प्लास्टिक स्टँडऑफचा खालचा पाय कटरने सपाट कापा, म्हणजे तो पत्र्यावर नुसता टेकून राहतो आणि बोर्डाला आधार मिळतो. हे वरवर किरकोळ वाटतं पण आयसा (ISA, जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) कार्ड बसवताना केवढा जोर लावावा लागतो ते बघा, खाली आधार नसेल तर बोर्ड वाकतो आणि आतले ट्रॅक तुटतात, ते नंतर डोळ्यांना दिसतही नाहीत.

एटीएक्स कॅबिनेटमध्ये उलटी काळजी घ्यायची. जिथे बोर्डाला भोक नाही तिथला प्रत्येक पितळी स्टँडऑफ काढून टाका, एकही राहिला तर तो मागच्या सोल्डरिंगला टेकणार. भोकाभोवती चकाकणारी धातूची कडी नसेल आणि ट्रॅक अगदी जवळून जात असतील तर लाल फायबरचा वॉशर लावा, स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मागून बघा. स्क्रू एकदम आवळू नका. सगळे अर्धे लावा, मग एक कार्ड स्लॉटमध्ये बसवून त्याची पट्टी मागच्या पत्र्यावर सरळ बसते का बघा, बसली तरच आवळा. पट्टी वर राहिली किंवा कार्ड तिरकं झालं तर स्टँडऑफची उंची चुकली आहे.

पॉवरच्या बाबतीत मात्र खरंच सांभाळून. एटी एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) खटका म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखा, त्यात थेट २३० व्होल्ट येतात, चार वायरी मागून पुढच्या पॅनलपर्यंत आलेल्या असतात. बऱ्याच ठिकाणी तपकिरी-निळी एक जोडी आणि काळी-पांढरी दुसरी असते, पण रंगावर विसंबू नका, प्लग भिंतीतून काढून मल्टीमीटरने तपासा, आणि टर्मिनलवर रबरी टोपी नसेल तर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोर्डाला जाणारे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, शेजारी-शेजारी लावताना दोघांच्या काळ्या वायरी मध्ये एकत्र आल्या पाहिजेत, उलटं लावलंत तर बोर्ड गेला.

जुन्या एसएमपीएसवर भरवसा नसेल तर एटीएक्स एसएमपीएस आणि त्याचा प्लग पी८-पी९ मध्ये बदलणारा एटीचा कन्व्हर्टर वापरा, मी हेच सुचवेन. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, म्हणून त्या दोन वायरी कॅबिनेटच्या मूळ दाबून बसणाऱ्या खटक्यावर न्या, २३० व्होल्टवाल्या काढून टाकून. पुढून चालू करायची पद्धत तीच राहते आणि पॅनलमागे मेन्स येत नाही. एसएमपीएस घेताना लेबलवर ५ व्होल्टचे अँपिअर बघा, जुने बोर्ड ५ व्होल्टवर चालतात आणि आताचे बहुतेक एसएमपीएस सगळा जोर १२ व्होल्टला देतात. उणे ५ व्होल्टची पांढरी वायरही नव्यांमध्ये नसते, ती काही मोजक्या जुन्या आयसा कार्डांनाच लागते.

बेबी एटी बोर्डाचे सिरियल आणि पॅरलल पोर्ट पट्टीवर येतात आणि उगाच स्लॉट खातात. एटी कॅबिनेटच्या मागे त्यांच्यासाठी डी आकाराची भोकं असतात, षटकोनी नट सोडवून कनेक्टर तिथे लावा. या सिरियल केबलमध्ये दोन प्रकारची वायरिंग यायची, त्यामुळे ड्रायव्हर बरोबर असूनही माऊस सापडत नसेल तर आधी केबल बदलून बघा. सीपीयू बोर्डाच्या पुढच्या बाजूला असेल तर लांब कार्ड पंख्याला अडतं, त्या स्लॉटमध्ये आखूड कार्ड लावा.

आपल्याकडची हवा विसरू नका. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, सगळं खाडीच्या काठावर, आणि पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या कॅबिनेटचा पत्रा कोपऱ्यांतून गंजतोच. पॉलिश पेपर मारून प्रायमर लावा, पण जिथे स्क्रूमधून बोर्डाची ग्राउंड पत्र्याला मिळते तिथे रंग नको. बोर्डावर गोल पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर बसवण्याआधीच काढा. तिचा रस आजूबाजूचे ट्रॅक खातो. हिरवट डाग दिसले तर थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग नीट वाळवा.

चालू करण्याआधी मल्टीमीटरने लाल आणि काळ्या वायरीमध्ये तपासा, बीप सतत वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बोर्ड उचलून परत खाली बघा. नाही वाजला तर फक्त रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर लावून सुरू करा, हार्ड डिस्क नंतर. पुढचे मेगाहर्ट्झचे आकडे शेवटी करा, ते काही मोजत नाहीत, आकड्यांमागच्या छोट्या बोर्डावरच्या जंपरने (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्यांनी) हवे ते आकडे ठरवायचे असतात, आणि प्रत्येक बनावटीचे जंपर वेगळे, म्हणून एकेक हलवून कुठली रेघ पेटते ते कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.