पिकअपच्या केबिनमधल्या कप्प्यांना लाइट लावताय? या चुका टाळा

डबल कॅब पिकअपमध्ये मागच्या सीटखाली भरपूर जागा असते, पण अंधार पडला की तिथे हात घालून चाचपडावं लागतं. छताचा दिवा तिथवर पोचतच नाही, कारण उचललेली सीटच मध्ये येते. यावर उपाय सोपा आहे. अर्ध्या मीटरची १२ व्होल्टची एलईडी पट्टी, थोडी वायर आणि एक स्विच एवढ्यात काम होतं, आणि ते घरच्या घरी जमतंही. लाइट पहिल्या झटक्यात लागतो आणि तिथेच माणूस गाफील होतो. खरा त्रास पुढच्या आठवड्यात सुरू होतो. सकाळी बॅटरी उतरलेली असते, लाइट फडफडतो किंवा पट्टी सुटून लोंबकळते. या बहुतेक तक्रारींचं मूळ पट्टीत नसतं. करंट कुठून घेतला, परत कुठे सोडला आणि वायर कुठून नेली, या तीन प्रश्नांत ते सापडतं.

छताच्या दिव्यातून लाइन ओढणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात. दिवा जवळच असतो आणि दार उघडलं की लागतो, मग त्याच्याच वायरला जोडून टाकू, असा विचार येतो. पण बऱ्याच गाड्यांत त्या दिव्याला पॉझिटिव्ह कायम मिळत असतो आणि दाराचा स्विच फक्त निगेटिव्ह जोडतो-तोडतो. तिथून पॉझिटिव्ह घेऊन निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला लावला की पट्टी चोवीस तास जळत राहते.

नव्या गाड्यांचा तिढा वेगळा आहे. त्यांच्या आतल्या दिव्यांवर कंट्रोल मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाचा ताबा असतो. दिवा हळूहळू मंद व्हावा म्हणून ते करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं. तुमची पट्टी त्या लाइनवर फडफडते, नाहीतर बंद केल्यावरही अंधूक मिणमिणत राहते. तिथे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला तर तोही थरथरतो. शिवाय मॉड्यूलवर जास्तीचा भार पडतो, आणि ते बिघडलं तर पट्टीच्या कितीतरी पट खर्च येतो. त्यामुळे छताच्या दिव्याला हात न लावता फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र लाइन घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

फ्यूज टॅप उलटा बसवणं

फ्यूज टॅप म्हणजे जुन्या फ्यूजच्या जागी बसणारा दोन खाचांचा तुकडा. एका खाचेत जुना फ्यूज जातो, दुसऱ्यात तुमच्या लाइटचा. तो दोन्ही बाजूंनी बसतो आणि दोन्ही बाजूंनी लाइट लागतो, म्हणून चूक कळत नाही. उलटा बसला तर तुमच्या लाइटचा करंटही जुन्या फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर दुहेरी भार येतो. तपासायला एक मिनिट पुरतं: टॅपमधून फक्त जुना फ्यूज काढा. तुमचा लाइट चालू राहिला तर टॅप बरोबर आहे. विझला तर टॅप फिरवून बसवा.

टॅप घेण्याआधी गाडीतला फ्यूज काढून त्याचा आकार बघा. मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि मायक्रो हे वरवर सारखे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवला की खाचेतल्या क्लिपा फाकतात आणि कायमचा लूज काँटॅक्ट मागे लागतो. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजवर टॅप अजिबात नको.

फ्यूज मोठा घालणं

फ्यूज पट्टीसाठी नसतो, वायरसाठी असतो. मीटरला ६० मोठे एलईडी असलेली पट्टी सुमारे १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर घेते. अर्धा मीटर असेल तर ०.६ अँपिअर. त्याला ०.७५ चौरस मिमीची वायर आणि २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. हाताशी आहे म्हणून १५ चा घातला तर एखाद दिवशी शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहील आणि वायर तापेल. लाइन थेट बॅटरीवरून घेत असाल तर फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत हवा. पट्टीजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरीला वाऱ्यावर सोडतो.

अर्थ कुठेतरी लावून मोकळं होणं

लाइट फडफडतोय, इंजिन चालू असताना ठीक आणि बंद केल्यावर मंद, खड्ड्यात गाडी आदळली की विझतो: अशा वेळी आधी अर्थ बघा, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडली ती जागा. रंगावर किंवा गंजावर बसवलेलं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) काही दिवस चालतं आणि मग त्रास देतं. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून गंजरोधक लावा. सीटचे किंवा सीटबेल्टचे बोल्ट यासाठी सोडू नका. त्यांची पकड ठरावीक टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) असते आणि मध्ये थिंबल आलं की ती बिघडते. कंपनीने दिलेला अर्थचा बोल्ट जवळपास असतोच, तो शोधा. फक्त एअरबॅगचा अर्थ असेल तर त्याला हात लावू नका. निगेटिव्ह बॅटरीच्या टर्मिनलवर नेण्याचा मोहही टाळा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत त्या टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि तुमचा भार त्याला चुकवून गेला की बॅटरीचा हिशेब चुकतो.

इथे मल्टिमीटर नीट वापरला नाही तर तोच फसवतो. पट्टी सोडवून वायरीच्या टोकांवर मोजलं तर १२.६ व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, सप्लाय तर बरोबर आहे. पण करंट वाहतच नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून लाइट चालू ठेवून मोजा. मीटरची एक पिन पट्टीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर दोष त्याच वाटेवर आहे. मग पिन एकेक जोड पुढे सरकवत जा, आकडा जिथे एकदम पडतो तो जोड खराब. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासता येते.

झाकणाचा स्विच

कप्पा उघडला की लाइट लागावा म्हणून लोक दार-अलार्मचा चुंबकी स्विच आणतात. त्यातले बहुतेक स्विच चुंबक जवळ असताना सर्किट जोडतात, म्हणजे झाकण बंद असताना लाइट चालू! तुम्हाला उलटं काम करणारा स्विच हवा. पाकिटावरच्या एनओ-एनसीवर (एरवी उघडा की एरवी जोडलेला) विसंबू नका, कारण कुणी ते चुंबक जवळ धरून ठरवतं, कुणी लांब. मीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून स्वतः बघा. या स्विचच्या नाजूक पात्यांना साधारण अर्धा अँपिअरच झेपतो. जास्त भार टाकला की त्या एकमेकींना चिकटतात आणि लाइट बंदच होत नाही. मोठ्या पट्टीला मध्ये रिले द्या किंवा साधा दाबाचा मायक्रोस्विच वापरा. लोखंडी पत्र्यावर चिकटवल्यावर चुंबकाचा पल्लाही कमी होतो.

झाकण लावल्यावर लाइट विझतो का, हे बघायचं कसं? मोबाइल व्हिडिओवर लावून कप्प्यात ठेवा आणि झाकण बंद करा. ही तपासणी चुकवू नका. ०.६ अँपिअरची पट्टी दोन दिवस आत जळत राहिली तर जवळपास २९ अँपिअर-तास खाते, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला अर्धा जीव.

वायरची वाट

मागची सीट उचलता-टेकवताना बिजागरीत वायर चिरडते. जोडणी झाल्यावर सीट पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा आणि तिथे थोडी ढील ठेवा. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) हवाच. पिवळे कनेक्टर किंवा पिवळं वेष्टण दिसलं तर ती एअरबॅगची वायरिंग आहे, तिला टेस्ट लॅम्पही लावू नका. खांबांच्या आवरणाआड पडदा-एअरबॅग असेल तर तिच्यावरून वायर नेऊ नका. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलींना तर शिवूच नका.

जोडासाठी नुसतं पिळून टेप गुंडाळणं किंवा वायरीत दात रुतवणाऱ्या क्लिपा, दोन्ही गाडीच्या कंपनांत ढिले पडतात. चांगल्या क्रिंपिंग पकडीने जोड दाबून घट्ट करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

पट्टी निघून येणं

केबिनमधलं प्लॅस्टिक खडबडीत आणि थोडं तेलकट असतं. त्यावर मागचा गोंद आधीच कमी धरतो, आणि बंद गाडीतल्या उन्हाने उरलासुरला सोडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून चिकटवा आणि दोन-तीन दिवस ओढाताण करू नका. माझी पसंती मात्र अॅल्युमिनियमच्या चॅनेलला आहे. तो स्क्रूने बसतो, उष्णता खेचून घेतो आणि वरच्या दुधी झाकणामुळे डोळ्यांवर तिरीप येत नाही. भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते हाताने चाचपून घ्या. पट्टी कापायची ती फक्त खुणेवर. १२ व्होल्टच्या नेहमीच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा गट असतो, मध्येच कापला तर तो गट मरतो.

तरीही बॅटरी उतरत असेल तर

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मल्टिमीटर मध्ये जोडा, १० अँपिअरच्या खाचेत. दारं बंद, किल्ली गाडीपासून लांब. मॉड्यूल झोपायला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो, त्यामुळे आधीचे आकडे धरू नका. शेवटी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. जास्त असेल तर तुमचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर दोष तुमच्याच जोडणीत आहे, बहुधा स्विचमध्ये. नाही आला तर तुमची पट्टी निर्दोष. मीटर मध्ये असताना मात्र स्टार्टर मारू नका, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल.