डिसेंबरात जुळवलेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात

माझं काम आर्किटेक्टांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देण्याचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावलं, म्हणजे शेवटचं चित्र तयार करायला टाकलं, की मशीन रात्रभर, कधी सलग तीन दिवस शंभर टक्क्यांवर चालतं. त्यासाठी मी इंटेलचा कोअर आय७-८७००के सेकंडहँड घेतला होता. २०१७ चा, सहा कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये हिशोब करणारे सहा भाग असलेला प्रोसेसर. सगळे कोअर एकदम राबायला लागले की मूळ सेटिंगवर ४.३ गिगाहर्ट्‌झने चालतो. नागपूरच्या डिसेंबरात, खोलीत २२ अंश असताना, मी त्याला १.३५ व्होल्ट देऊन ४.९ वर नेला, म्हणजे मूळ वेगाच्या वर पळवला; यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. रेंडर चालू असताना तापमान ७८. इंटेलने दिलेली मर्यादा १००. बावीस अंश शिल्लक, म्हणून मी खूश!

मे महिन्यात तेच सेटिंग, तशीच फाईल, आणि दुपारी तीनला ९६. सगळ्यात तापट कोअर १०० ला टेकत होता आणि प्रोसेसर स्वतःच वेग पाडत होता. म्हणजे ओव्हरक्लॉक कागदावर ४.९, प्रत्यक्षात मूळ वेगाच्या आसपास. चौथ्या दिवशी पहाटे विंडोज कोलमडल्याचा निळा पडदा आला आणि रेंडर अर्ध्यावर गेलं. क्लायंटला काय सांगितलं ते इथे नको.

चूक साधी होती. मी आकडा बघत होतो, फरक बघत नव्हतो. प्रोसेसरवरचा कूलर हवेवर चालणारा असो की पाण्यावर चालणारा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक लोडवर प्रोसेसर खोलीपेक्षा किती वर राहतो, तो फरक जवळपास कायम असतो. माझा होता ५६. खोली २२ असेल तर ७८, मे महिन्यासारखी ३६ असेल तर ९२. मग ९६ मधले वरचे चार अंश कसले? एक तर तापलेल्या चिपमधून गळणारा करंट वाढतो आणि ती आणखी तापते. दुसरं, सलग चालणारं मशीन बंद खोलीत शेगडीचं काम करतं, त्यामुळे कॅबिनेटजवळची हवा थर्मामीटरपेक्षा गरमच असते. तेव्हा नवं सेटिंग तपासताना खोलीचं तापमान शेजारी लिहून ठेवा आणि हिशोब आपल्या गावच्या सगळ्यात वाईट दुपारचा करा.

मग सलग चालवायला किती बरं? मर्यादेचा आकडा हा मुक्कामाचा पत्ता नव्हे. तिथे पोचल्यावर चिप स्वतःला वाचवायला लागते, एवढाच त्याचा अर्थ. ८७००केसारख्या १०० अंशांच्या प्रोसेसरसाठी मी मे महिन्यातल्या दुपारी ८० च्या आत हा नियम ठेवला आहे. रोज दोन तास गेम खेळणाऱ्याचे वर्षाला ७३० तास होतात, अखंड चालणाऱ्या मशीनचे ८७६०. गेमवाल्याचे ८५ आणि आपले ८५ एक नव्हेत. पण हा नियम सगळीकडे लावू नका. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जावेत अशाच बेताने बनवलेले आहेत. ७८००एक्स३डीची मर्यादा मात्र ८९. आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पानावर बघा, मित्राच्या मशीनवर नाही.

आता ज्याकडे मी सगळ्यात उशिरा बघितलं ते: व्होल्टेज. तापमान आटोक्यात असलं तरी जास्त व्होल्टेज चिप झिजवतं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं गाजलं, तेव्हा कंपनीने मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या मूळ सूचना, बदलून व्होल्टेजलाच आवर घातला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. शिवाय उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मी ४.९ वरून ४.६ वर आलो आणि १.३५ वरून १.२२ व्होल्टवर. वेग सहा टक्के गेला, उष्णता हिशोबाने २३ टक्के. फरक ५६ चा ४३ झाला. मे महिन्यात ७९, डिसेंबरात ६५. सहा टक्क्यांसाठी मी सहा महिने जीव टांगणीला लावला होता!

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवून वेग वाढवू नका, मदरबोर्ड गरजेपेक्षा सढळ हाताने देतो. आकडे एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, आणि सरासरी नाही तर सगळ्यात तापलेला कोअर बघा. प्राइम९५ या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘स्मॉल एफएफटी’ नावाची चाचणी रेंडरपेक्षा कितीतरी जास्त तापवते. तिथे ९० दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ती रात्रभर चालवायचंही नाही. आपलंच खरं काम चार तास लावून बघितलेलं बरं. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, जिथे मशीनमधल्या घडामोडींची नोंद होते, ‘WHEA-Logger’ च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी आहेत का बघा. मशीन बंद पडत नाही, पण तिथे चुका साठत असतात. माझ्याकडे निळ्या पडद्याच्या आधी दोन आठवडे साठत होत्या आणि मी ती खिडकी कधी उघडलीच नव्हती.

नागपूरकरांना वेगळं सांगतो, कारण इथे कूलर म्हटलं की आधी गवताच्या ताट्यांचा डेझर्ट कूलरच आठवतो. त्याने मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली छान उतरते, म्हणून मी एकदा त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडला. ओलसर हवेत धूळ चिकट झाली आणि प्रोसेसरच्या कूलरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, नमद्यासारखी बसली. आता झोत खोलीत, कॅबिनेट कोपऱ्यात. जूनमध्ये हवा दमट झाली की डेझर्ट कूलर नुसता आवाज करतो, त्या आठवड्यात मोठी रेंडर्स रात्री लावतो.

होळी झाली की बाबा माळ्यावरून कूलर काढून नवं गवत भरतात. त्याच दिवशी मी कॅबिनेट उघडतो, ब्लोअरने धूळ उडवतो, दोन वर्षं झाली असतील तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलतो. बाबा विचारतात, तुझ्या कूलरला गवत लागत नाही का रे?