‘बोर्डो मारा’ एवढ्यावर भागत नाही: प्रश्नांना उत्तर लिहिताना या चुका टाळा

तासगाव, पलूस, मिरज भागातला द्राक्ष बागायतदार पानावर डाग दिसला की हल्ली पहिल्यांदा फोटो काढतो आणि ऑनलाइन विचारतो, ‘हे काय आहे? काय मारू?’ उत्तरं लगेच येतात. ‘डाउनी आहे.’ ‘बोर्डो मारा.’ ‘आमच्याकडं पण आलंय.’ (डाउनी हा द्राक्षाच्या पानांवरचा रोग, तर बोर्डो हे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण.) उत्तर देणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण विचारणारा ते वाचून फवारणीला निघू शकत नाही. त्याला पुन्हा चार प्रश्न विचारावे लागतात, आणि रोग तोवर थांबत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे प्रश्न पुरा कळायच्या आत उत्तर देणं. फोटोत पानाची फक्त वरची बाजू दिसत असेल, तर आधी पान उलटं करून फोटो मागा. डाउनीत वर तेलकट पिवळसर डाग पडतात आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी दिसते. भुरी या दुसऱ्या रोगात पांढरट राखाडी पूड पानावर धरते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. छाटणी होऊन किती दिवस झाले, पाऊस झाला का, सकाळी दव पडतं का, आधी काय फवारलंय, एवढं विचारायला दोन ओळी लागतात. विचारणाऱ्याला बऱ्याचदा काय सांगायला हवं हेच माहीत नसतं. ते त्याच्याकडून काढून घेणं हाही उत्तराचाच भाग आहे.

दुसरी चूक, नाव सांगायचं आणि कृती सांगायची नाही. बोर्डोचंच घ्या. पुरं उत्तर साधारण असं होईल: ‘एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा. चुना गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीनं ढवळत राहा. लोखंडी भांडं वापरू नका. तयार झाल्यावर विळ्याचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी फवारून संपवा.’ एवढं लिहिलं की माणूस बादल्या घेऊन कामाला लागू शकतो.

पण यातही एक गोष्ट राहून जाते, आणि चांगली उत्तरंही बहुधा तिथंच अपुरी पडतात: हे कुठं चालणार नाही? चुना कमी पडून मोरचुदातलं तांबं मोकळं राहिलं तर कोवळी फूट करपते. मणी भरत आल्यावर फवारलं तर घडावर निळसर डाग राहतात आणि मालाचा दर पडतो. तुमच्या बागेत जे चाललं ते कोणत्या अवस्थेत, कोणत्या हवेत चाललं, हे लिहिलं नाही तर वाचणारा आपल्या बागेच्या वेगळ्या अवस्थेत तेच करतो. कारण सांगणंही यासाठीच गरजेचं आहे. विळ्यावर तांबं का चढतं हे ज्याला कळलं, तो पुढच्या वेळी न विचारता प्रमाण सुधारतो.

मापातला घोळ वेगळाच. सातबाऱ्यावर ‘०.४०.००’ असं क्षेत्र आहे, म्हणजे किती, असा प्रश्न येतो. ‘४० गुंठे, म्हणजे एक एकर’ असं उत्तर पटकन दिलं जातं. सातबाऱ्यावरचं माप हेक्टर-आरमध्ये असतं. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, सुमारे ४३,०५६ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, त्यामुळं ४० गुंठ्यांचा एकर भरतो ४३,५६० चौरस फूट. फरक जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा. रस्त्याकडेच्या जमिनीच्या व्यवहारात भावाभावांत एवढ्यावरून वाद होतात. म्हणून आकडा लिहिला की त्याच्यापुढं एकक लिहायचंच, आणि हिशेब कसा केला तेही दाखवायचं. कुणी सातबाऱ्याचा फोटो नावं आणि गट नंबरासकट टाकला असेल, तर उत्तराआधी त्याला तो झाकायला सांगा.

पावसाळ्यात वेळ न लिहिण्याची चूक तर जिवावर बेतू शकते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ‘पाणी किती आहे?’ या प्रश्नाला नुसतं ‘३८ फूट’ हे उत्तर कामाचं नाही. सकाळी सहाचे ३८ की रात्री दहाचे? चढतंय की उतरतंय? कोयनेतून विसर्ग वाढवलाय का? आकडा कुणाचा, पाटबंधारे खात्याचा की कुणीतरी पुढं ढकललेला? ज्याला म्हैस सोडून हलवायचीय किंवा दुकानातला माल वर चढवायचाय, त्याला या चारही गोष्टी हव्यात. त्या माहीत नसतील तर अधिकृत पातळी कुठं बघायची एवढंच सांगा, अंदाज सांगू नका.

नुसती लिंक देऊन मोकळं होणंही टाळा. मुख्य मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहा आणि लिंक खाली द्या, कारण ती पानं बंद पडतात. ‘गुगल करा की’ असं तर अजिबात लिहू नका. विचारणारा बऱ्याचदा ते करूनच आलेला असतो, आणि असा फटका बसला की गप्प बसणारे पुढं विचारतच नाहीत.

आता यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं जशीच्या तशी चिकटवली जातात. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटनं डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीच्या उत्तरांना बंदी घातली, कारण ती दिसायला ठीक आणि पुष्कळदा चुकीची होती. औषधाचं लिटरमागचं प्रमाण किंवा फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे, हे लेबल न बघता लिहायचं नसतंच. मग ते कुणीही सुचवलेलं असो.

शेवटचं, लिहून झालेल्या उत्तराकडं परत न बघणं. कार्यालयांची नावं बदलतात, अर्जाची पद्धत बदलते. तलाठ्याचं पदनाम २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, पण वारस नोंदीवरची जुनी उत्तरं तशीच पडून आहेत आणि नवा माणूस तीच वाचतो. अशा उत्तराच्या वर तारीख घालून दुरुस्ती लिहा. जुना मजकूर पुसू नका, म्हणजे आधी वाचून गेलेल्यालाही नेमकं काय बदललं ते कळेल.