मिनी एक्सकॅव्हेटर: भाड्याने की कर्जावर?

मिनी एक्सकॅव्हेटर, म्हणजे खोदकामाचं छोटं मशीन, घ्यायचं तर मी आधी वर्षाचे कामाचे तास मोजतो. काम तुटक असेल तर भाडंच बरं; मशीन उभं राहिलं तरी हप्ता थांबत नाही.

भाड्याचं मशीन घेताना अवर मीटरचा (मशीन एकूण किती तास चाललं ते दाखवणारा) फोटो काढा. ऑपरेटरला बकेट जमिनीला टेकवून बूम (मशीनचा मुख्य हात) हळूच वर-खाली करायला सांगा आणि लांबून सांध्यांतल्या पिनांकडे बघा. बुश (पिनेभोवतीच्या धातूच्या नळ्या) झिजलेले असतील तर आधी सांधा खडखडतो, मग बकेट उचलते. मी यावरूनच मशीन परत पाठवतो. डिझेल, वाहतूक, बिघाडाचे तास कोणाचे, ते लेखी घ्याच.

कर्जात ‘फ्लॅट’ दराला भुलू नका. तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांत 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर जवळजवळ 18 टक्के! मुद्दल फिटत जातं, व्याज मात्र मूळ रकमेवरच लागतं. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही सहीआधी विचारा.